चंद्राचं पार्किंग

"यात बघण्यासारखं काय आहे, ते सांग," असं म्हणून अण्णा थांबले.

समोर भिंत होती. साधी, सिमेंटच्या ठोकळ्यांची, पुरुषभर उंचीची. तिच्या पायाशी पंधरा-वीस कुंड्या मांडलेल्या. त्यांतल्या निम्म्या तर कुंड्याही नव्हेत, मासळीचे रिकामे थर्माकोलचे खोके. त्यांत शेवंती, कांद्याची पात, कसलातरी वेल. आणि मधूनमधून पाण्यानं काठोकाठ भरलेल्या, झाकणं घट्ट लावलेल्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या. नोव्हेंबरातलं तिरपं ऊन बाटल्यांतून आरपार जाऊन भिंतीवर त्याचे वाकडेतिकडे पट्टे उमटले होते.

"हे ऊन," मी म्हटलं.

"आणि बाटल्या कशाला ठेवल्यात?"

"मांजरं येऊ नयेत म्हणून."

अण्णांना हसू आवरेना. आमच्या सांगलीच्या गल्लीत दर दुसऱ्या दारापुढे निळीच्या नाहीतर लाल पाण्याची बाटली असते, कुत्री फिरकू नयेत म्हणून. कुत्री तिथेच, बाटलीला पाठ टेकून झोपतात.

"म्हणजे इथली मांजरंही तसलीच असणार. आता मला सांग, आपल्या गल्लीतल्या बाटल्यांचा फोटो काढलास कधी?"

काढला नव्हता. हा मुद्दा अण्णांनी जिंकला, आणि अजून घरापासून दोनशे पावलंही झाली नव्हती.

अण्णा पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. ९० दिवसांच्या व्हिसावर माझ्याकडे आलेत, त्यांतले २२ सरले. आम्ही राहतो ते निशी-कासाई टोकियोच्या पूर्व टोकाला, एदोगावा वॉर्डात. २००० साल उजाडताना संगणकांच्या तारखा कोलमडतील या भीतीनं जपाननंही आपल्याकडचे इंजिनिअर मागवले. त्यांची ऑफिसं ओतेमाची-निहोम्बाशीच्या बाजूला, आणि इथून तोझाई लाइनवर एका गाडीत बसून तिथे जाता येतं. शिवाय सरकारी गृहसंस्थेच्या इमारतींत परदेशी माणसाला जागा नाकारत नसत. म्हणून ते इथे राहिले आणि त्यांच्यामागून बाकीचे आले. आज स्टेशनाबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं तर एकदातरी मराठी कानावर पडतंच. अंबरनाथ-पुण्याकडचे योगेंद्र पुराणिक २०१९मध्ये या वॉर्डाच्या सभेवर निवडूनही गेले. पहिल्याच दिवशी मेथीची जुडी आणि आशीर्वाद आट्याची पिशवी बघून अण्णांनी निकाल दिला होता, "परदेश कसला? हे तर कर्वेनगर."

पण संध्याकाळी फिरायला येतात. येतात आणि भांडतात.

"मी नावं ठेवतोय असं समजू नको," ते चालता चालता म्हणाले. "स्वच्छ आहे, शिस्त आहे, गाडी वेळेवर येते. पण टापटीप म्हणजे सौंदर्य नव्हे. तू ज्याला सौंदर्य म्हणतीस ना, त्यात निम्मी टापटीप आहे आणि निम्मं तुझं अडाणीपण."

"अडाणीपण?"

"तुला वाचता येत नाही, बोललेलं नीट समजत नाही. ज्याचा अर्थ लागत नाही ते माणसाला सुंदरच वाटतं. मंगलाष्टकांचं काय असतं?"

अडाणीपणाबद्दल भांडायला माझं तोंड नव्हतं, कारण चंद्राची गोष्ट मीच त्यांना सांगितली होती. इथे आले त्या वर्षी कांजी शिकायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात चंद्राचं अक्षर आलं. चार रेघांचं, सोपं. नवं अक्षर शिकलं की ते जिकडेतिकडे दिसायला लागतं. तसा मला गल्लोगल्ली चंद्र दिसायला लागला. दोन घरांच्या मधे मोकळी जागा, आणि तिथे पाच अक्षरांची पाटी. पहिलं अक्षर चंद्र. पुढची चार मला येत नव्हती. नवरा रात्री दहाला घरी यायचा, दिवसभर बोलायला कुणी नसायचं. अशा वेळी चंद्राच्या नावानं जागा मोकळी सोडणारं शहर मला फारच हळवं वाटलं. मी त्या पाट्यांपाशी मुद्दाम थांबायची. दोन महिन्यांनी भाषेच्या वर्गातल्या बाईंना विचारलं, तेव्हा कळलं की चंद्राचं आणि महिन्याचं अक्षर एकच. पाटीवर लिहिलेलं असतं, 'मासिक भाड्याने पार्किंग'. त्यातलं दुसरं अक्षर इथल्या मुलांनाही चकवतं. ती पाट्या भलतंच वाचून ते एखाद्या मोठ्या कंपनीचं नाव समजतात, असा इथला जुना विनोद आहे, असंही बाईंनी सांगितलं. माझं समाधान व्हावं म्हणून सांगितलं असेल.

तशी पाटी आता वळणावर आलीच. अण्णांनी काठीनं ती दाखवली. "हा घे तुझा चंद्र."

"आपल्याकडेही मास चंद्रावरूनच की, अण्णा. म्हणजे भाडं चंद्राच्याच हिशेबानं."

"भाडं एक तारखेला घेतात. पौर्णिमेला नाही."

थोडं पुढे एका जुन्या लाकडी घराच्या आवारात पर्सिमनचं झाड आहे. पानं सगळी गळून गेलेली, आणि शेंड्याला एकच केशरी फळ. झाडावरची सगळी फळं उतरवायची नाहीत, एखादं तरी ठेवायचं अशी इथे जुनी रीत आहे. त्या फळाला झाडाचा राखणदार अशा अर्थाचं नावही आहे. पुढच्या वर्षी झाड धरावं म्हणून ते ठेवायचं, पाखरांसाठीही ठेवायचं. मी हे अण्णांना सांगितलं. वाटलं, शेतकऱ्याच्या घरातला माणूस, हे पटेल. आमच्या आजोबांच्या रानात ज्वारीची काढणी झाली की बांधाकडेची चार कणसं पाखरांचा वाटा म्हणून राहायची.

अण्णा मान वर करून बराच वेळ बघत राहिले.

"हात पोचला नसेल," ते म्हणाले.

"अण्णा!"

"घरात कोण राहतं?"

"एक आजी. एकट्याच."

"मग? शेंड्याला कोण चढणार? तू त्यात रीत बघतीस. मला एकटी म्हातारी दिसते. तू तिच्याशी कधी बोललीस?"

बोलले होते, पण त्यांना हवं तसं नव्हे. आमच्या या गल्लीत कचऱ्याची जागा ठरलेली आहे, त्यावर कावळ्यांसाठी जाळी टाकायची. गाडी कचरा घेऊन गेली की जाळीची घडी घालायची आणि जागा झाडून घ्यायची. ही पाळी घराघरांत फिरते. आमच्या आधीची पाळी या आजींची. पहिल्यांदा मी जाळीचा बोळा करून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी आजी दारात. काही बोलल्या नाहीत. मला खाली घेऊन गेल्या, जाळी पसरली आणि साडीची घडी घालावी तशी काठाला काठ लावून घालून दाखवली. मग ती मोडली आणि माझ्या हातात दिली. मी घातली. त्यांनी मान हलवली, मी पुन्हा घातली. तेव्हापासून आमची पाळी आठवड्यानं बदलते आणि बोलणं जवळजवळ नाहीच. पण जाळी उचलताना घडीवरून कळतं की आजींचं बरं आहे. गेल्या फेब्रुवारीत एकदा घडी तिरकी दिसली. मी संध्याकाळी जाऊन बेल वाजवली, तर त्या तापानं फणफणलेल्या होत्या.

(इथे एक बाजूला सांगून टाकते. आपल्याकडे पुस्तकाच्या प्रत्येक स्टॉलवर 'इकिगाई' मांडलेलं असतं. इथे तीन वर्षांत तो शब्द मला कुणी ऐकवलेला नाही. 'गोमी' मात्र रोज ऐकते. गोमी म्हणजे कचरा. जपानी जगण्याचं रहस्य कुणाला हवंच असेल, तर सुरुवात तिथून करावी.)

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे चांगलं आहे. पण याला शेजार म्हणतात. याला सौंदर्य कशाला म्हणायचं?"

"मग सौंदर्य कशाला म्हणायचं?"

"म्हणूच नये. माणूस आपल्या गावात असला की त्याला या शब्दाची गरज पडत नाही. तुझी आई रोज पहाटे दारात रांगोळी काढते. कधी म्हणाली, आज मी सौंदर्य निर्माण केलं? हा शब्द परगावच्या माणसाचा. इथे आपलं कुणी नाही, म्हणून तू उन्हाला आणि बाटल्यांना नातेवाईक करून घेतलंस. मनाची समजूत आहे ही."

हे बोलणं लागलं. कारण ते खरं होतं. पहिल्या हिवाळ्यात मी एक वही केली होती. रोज दिसलेली एक चांगली गोष्ट तीत लिहायची. बाल्कनीत वाळत घातलेल्या गाद्या आणि त्या थोपटल्याचा चहूकडून येणारा ढप्‌ ढप्‌ आवाज. दुकानदारानं सुट्टे पैसे दोन्ही हातांनी देणं. मंडईतून भाजी आणावी तशी मी रोज एक गोष्ट घरी आणायची. ज्या दिवशी काही मिळायचं नाही त्या दिवशी रडायची.

"असेल समजूत," मी म्हटलं. "पण समजूत घालायलाही काहीतरी खरं लागतं की, अण्णा. लहान मुलालासुद्धा रिकामी मूठ दाखवून चालत नाही."

ते काही बोलले नाहीत. काठीचा आवाज तेवढा येत राहिला.

एव्हाना आम्ही आराकावाच्या बांधाच्या पायऱ्या चढत होतो. इथे वर आलं की अण्णांचा आवाज बदलतो. खाली गल्लीत ते पाहुणे असतात, बांधावर आले की खात्यात असतात. समोर अर्धा किलोमीटर रुंद पाणी, दोन्ही काठांना भराव, आणि पाठीमागे वळून बघितलं तर घरं खाली, खड्ड्यात बसल्यासारखी. ते रोज एकदा नदीकडे आणि एकदा घरांकडे बघतात आणि मनातल्या मनात लेव्हल काढतात.

ही नदी नव्हे, खोदलेला कालवा आहे, हे मला तीन वर्षांत कळलं नव्हतं. अण्णांना तिसऱ्या दिवशी कळलं. १९१०च्या महापुरात टोकियो बुडालं, तेव्हा पाण्याला शहराबाहेरून वाट द्यायची ठरली. १९११ला काम हाती घेतलं आणि पुरं व्हायला १९३० उजाडलं. लांबी २२ किलोमीटर. "आपला सांगलीचा आयर्विन पूल १९२९चा," अण्णा तेव्हा म्हणाले होते, जणू दोन्ही कामांची बिलं एकाच टेबलावरून गेली असावीत.

गेल्या रविवारी त्यांना वरच्या अंगाला इवाबुचीला नेलं होतं. तिथे जुन्या मुख्य दरवाजांचं लाल रंगाचं बांधकाम जपून ठेवलंय आणि जवळच एक स्मारकशिला आहे. कामाचा प्रमुख होता आकिरा आओयामा, पनामा कालव्याच्या कामावर गेलेला एकमेव जपानी अभियंता. त्या शिळेवर त्याचं नाव नाही. या कामात कष्ट उपसलेल्या आणि जीव गमावलेल्या आपल्या सोबत्यांची आठवण राहावी, म्हणून कामावरच्याच लोकांनी ती बसवली, एवढाच मजकूर आहे. मी मोबाइल धरून अडखळत अर्थ लावला. अण्णांनी टोपी काढली. आपल्याकडे बसथांब्याच्या पत्र्यावरही कुणाकुणाच्या सौजन्याची नावं असतात, त्यांतल्या काही नावांसाठी अण्णांनी बिलं अडवून धरली होती.

"इवाबुचीची शिळा तुम्हाला सुंदर वाटली ना?" मी आता विचारलं.

"बरोबर वाटली."

"फरक काय?"

ते कठड्याला टेकले. "सांगतो. या कालव्यासाठी १,३००च्या आसपास घरं उठवली असं तूच वाचून दाखवलंस. मी नोकरीत असताना दोन गावांचे पंचनामे केलेत. घरं, विहिरी, झाडं मोजायची. एका बाईनं मला दारातला पारिजातक मोजायला लावला होता. फळझाड नाही, त्याला भरपाई बसत नव्हती. ती म्हणाली, लिहा तरी. मी लिहिला. वर साहेबांनी खोडला. आता त्या धरणाच्या पाण्यावर लोक सूर्यास्ताचे फोटो काढायला जातात. फार सुंदर दिसतंय म्हणतात. दिसतंय की! पण मला तो शब्द तोंडात घ्यायला नको वाटतो."

पारिजातकाची गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

"तुम्ही लिहिला होता ना पण," मी म्हटलं.

"त्यानं काय होतं?"

"मी वहीत तेच करते."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. पटलं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. पण त्यांनी खोडलंही नाही.

मग त्यांनी विषय बदलला. म्हणजे त्यांना वाटलं की बदलला. "स्वयंपाकघरातला नकाशा मात्र जपून ठेव."

त्या नकाशाचीही गोष्ट आहे. वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायला गेले तेव्हा कागदांच्या गठ्ठ्यात तो मिळाला होता. रंग छान, म्हणून फ्रिजशेजारी लावला. आठ-नऊ महिन्यांनी मुखपृष्ठावरची ओळ वाचता आली. तो वॉर्डाचा पुराचा नकाशा होता, २०१९ सालचा, आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की इथे राहून चालणार नाही. वॉर्डातली सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. मोठा पूर आला तर वॉर्डात कुठे थांबू नका, वॉर्ड सोडून बाहेर पडा, असं तिथल्या प्रशासनानं आपल्याच रहिवाशांना छापून सांगितलं होतं. मी तो भिंतीवरून काढला नाही. चंद्र गेला तेव्हा वाईट वाटलं होतं, या वेळी तसं वाटलं नाही. उलट त्या दिवसापासून या गावाचा रंगच पालटला. मी रोज चढते त्या पायऱ्या कशासाठी आहेत, ते कळलं.

नकाशा छापला त्याच वर्षी, २०१९च्या ऑगस्टातल्या पुरात, आम्ही सांगलीला गावभागातल्या घराच्या माडीवर होतो. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर. २००५च्या पुराचा अनुभव गाठीशी होता, म्हणून अण्णांनी जिन्याच्या भिंतीवर पेन्सिलीनं खुणा करून दर तासाला पाण्याची वेळ लिहून ठेवली. त्या खुणा अजून आहेत. घराला रंग काढला तेव्हा तेवढा पट्टा त्यांनी रंगवू दिला नाही.

"तो नकाशा तुम्ही रोज सकाळी चष्मा लावून बघता," मी म्हटलं. "चहा गार होईपर्यंत. मी म्हणतेय ते हेच."

"तो कामाचा नकाशा आहे. खरं सांगतो. इथे थांबू नका, असं छापायला छाती लागते. आमच्याकडं असा मजकूर टिपणीत गेला असता तर सात सह्यांनंतर त्याचं 'नागरिकांनी दक्षता घ्यावी' झालं असतं."

"म्हणजे सुंदर आहे."

"म्हणजे बरोबर आहे. तू माझ्या तोंडून तो शब्द काढू बघतीस. नाही निघणार."

दिवस मावळत आला होता. टोकियोत या दिवसांत साडेचारला सूर्य जातो. अण्णांना याचा राग येतो, चहाला आणि संध्याकाळला एकच वेळ, हा काय प्रकार. पुलावरून तोझाई लाइनची गाडी गेली, डब्यांत दिवे लागलेले. आणि मग खांबावरच्या कर्ण्यांतून ती चाल सुरू झाली. एका कर्ण्यापाठोपाठ दुसरा, किंचित मागे पडत, त्यामुळे सूर एकमेकांत सांडतात. 'युयाके कोयाके', मुलांचं गाणं, १९२३च्या सुमारास छापलं गेलेलं. टोकियोच्या पुष्कळ भागांत संध्याकाळी हीच चाल वाजते. खाली मैदानावर बेसबॉल खेळणारी मुलं बॅटी गोळा करायला लागली.

पहिल्या वर्षी ही चाल ऐकून माझ्या घशात दाटून यायचं. नंतर कळलं की भूकंप-पुराच्या वेळी सूचना देणारे हे कर्णे आहेत आणि ते चालू आहेत की नाहीत हे रोज तपासायचं म्हणून गाणं वाजवतात. हे मी अण्णांपासून लपवून ठेवलं होतं, चंद्राचं झालं तसं याचंही होईल म्हणून. पण आता सांगून टाकलं.

"म्हणजे टेस्टिंग?" अण्णा म्हणाले.

"हो. टेस्टिंग."

"रोज?"

"रोज."

ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. कर्णे थांबल्यावरही थोडा वेळ तसेच उभे. मग म्हणाले, "आपल्याकडं नगरपालिकेचा भोंगा होता. त्यावर लोक घड्याळं लावायचे. पूर आला त्या रात्री कुठं होता भोंगा?" थोडं थांबून, "तिसरा कर्णा खरखरतोय. कुणाला तरी कळवायला पाहिजे."

"मला नाही जाणवलं."

"तुझं लक्ष गाण्याकडं होतं."

परतताना दुसऱ्या गल्लीनं आलो. अंधार पडला होता. एका बंद दाराच्या बाजूला जुनी लाकडी पाटी, वरून लहानसा दिवा. तीन अक्षरं, जाड कुंचल्यानं लिहिलेली. शेवटच्या अक्षराची रेघ खाली उतरता उतरता कोरडी पडली होती आणि त्यातून लाकूड दिसत होतं. अण्णा थांबले. काठी बगलेत धरून चष्मा पुसला.

"हे काय लिहिलंय?"

मी जवळ जाऊन बघितलं. पहिलं अक्षर ओळखीचं वाटलं आणि निसटलं. दुसरं-तिसरं कधी पाहिलेलंच नव्हतं. मोबाइल काढायला पिशवीत हात घातला.

"नाही येत मला हे," मी म्हटलं. "थांबा, फोटो काढून बघते."

"राहू दे," अण्णा म्हणाले.

आणि मला पुढे व्हायला सांगून ते तिथेच उभे राहिले.